सातपुड्यातील छोटी लाईन

वारासिवनी हे नाव कोकण, गोवे व कारवार या बाजूच्या आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांच्या कानांवरून गेले असेल. मध्य प्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्यातील, वैनगंगेच्या पश्चिमेस वसलेले हे तालुक्याचे गाव. भोवती भाताची शेते, तळी व मोहाची झाडे. गावात कोष्ट्यांचे हातमाग. येथील हातमागाच्या साड्यांना २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या निमित्ताने चार वृत्तपत्रांतून गावाचे नाव झळकले एवढेच. येथून जवळच रामपायली येथे चंदन नदीच्या काठी रामाचे जुने देवस्थान आहे आणि तेथे कार्तिकी पौर्णिमेस यात्रा भरते. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या मुलखात मराठी कुटुंबे नांदत आली. घरात मराठी, बाजारात पोवारी व हिंदी आणि कचेरीत पूर्वी इंग्रजी व आता हिंदी, असा येथील भाषाव्यवहार आहे.

नावापासूनच घोटाळ्यास आरंभ होतो. सिवनी म्हणून जिल्ह्याचे एक मोठे गाव वायव्येस आहे. शिवण नावाच्या वृक्षावरून ते नाव पडले असे लोक सांगतात. त्या सिवनीहून ही निराळी ओळखू यावी म्हणून हिच्या नावामागे ‘वारा’ जोडलेला. रुडयार्ड किप्लिंगने १८९४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘जंगल बुक’मधील अरण्य सिवनीचे व नदी वैनगंगा. ग्रंथकर्त्याने तो प्रदेश स्वतः पाहिला नव्हता. रॉबर्ट स्टर्नडेल नावाच्या अधिकाऱ्याचे सातपुड्यातील मुक्कामांवरचे पुस्तक १८७७ साली निघाले होते, त्याचा आधार त्याने घेतला असे मानतात. जगभरच्या मुलांनी जी नदी पुस्तकात पाहिली, ती आमच्याकडील मुले आगगाडीच्या खिडकीतून पाहत असत. ती आगगाडी हाच आजच्या लेखाचा विषय होय.

डोंगरातील आगगाडीत बसून एका दिवसाची सहल करून यावी ही कल्पना मराठी माणसास फार जुनी नाही. आमचे पूर्वज प्रवास करीत तो यात्रेसाठी, लग्नकार्यासाठी किंवा पोटासाठी. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेने घराबाहेर पडले व सातपुडा ओलांडून महू, ग्वाल्हेर, झांशी असे फिरले. डोंगर त्यांच्या लेखी वाटेतील अडथळा होता. चोरांचे भय, वाघाचे भय आणि पायांस फोड. त्यांचा तो वृत्तांत ‘माझा प्रवास’ या नावाने छापून निघाला १९०७ साली. योगायोग असा की, नेरळहून माथेरानास जाणारी गाडीही त्याच वर्षी सुरू झाली. डोंगर चालून ओलांडण्यास लागणारे धैर्य ज्या वर्षी पुस्तकात जमा झाले, त्याच वर्षी डोंगर तिकीट काढून पाहण्याची सोय झाली.

मधल्या पन्नास वर्षांत आगगाडीने सह्याद्री पार केला होता. पुणे ते खंडाळा गाडी १८५८ साली चालू झाली, पण बोरघाट तयार झाला नव्हता. म्हणून मुंबईचे उतारू खोपोलीस उतरत व पालख्यांतून घाट चढून खंडाळ्यास पुन्हा गाडी धरीत. घाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये पुरा झाला. त्याचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हा १८५९ साली येथे येऊन अल्पावधीतच वारला आणि त्याच्या विधवा पत्नीने, ॲलिस ट्रेडवेल हिने, ते कंत्राट पुढे नेले. रोगराईने व अपघाताने जे हजारो मजूर मेले त्यांची नावे मात्र कोठे कोरलेली नाहीत. दक्षिणेत कॅसलरॉकहून कुळ्यापर्यंत उतरणारा, दूधसागराच्या अंगावरून जाणारा मार्ग १८८८ साली सुरू झाला, तो मुरगाव बंदरास माल मिळावा म्हणून. या दोन्ही घाटांत उतारूंस जो देखावा दिसे तो कंपनीच्या हिशेबात कोठेच धरलेला नव्हता. माथेरानची गोष्ट वेगळी. आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी सोळा लाख रुपये खर्चून दोन फुटी रुळाची ती गाडी डोंगरावर चढविली, ती केवळ हवा खाण्यास जाणाऱ्यांसाठी. सह्याद्रीत सहलीसाठीच निर्माण झालेली आगगाडी ही एकच म्हणावयास हरकत नाही.

सातपुड्याची गाडी पहिल्या जातीतील, किंबहुना त्याहूनही रुक्ष हेतूने जन्मलेली.

तिची कथा दुष्काळापासून सांगावी लागते. १८९६–९७ व १८९९–१९०० असे दोन दुष्काळ मध्य प्रांतावर लागोपाठ कोसळले. बालाघाट जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ व १९०१ या दोन शिरगणत्यांच्या दरम्यान सुमारे पंधरा टक्क्यांनी घटली. जिल्हा मुळात नवा, १८६७ च्या सुमारास सरकारने घडविलेला. घाटावरील ओसाड रान वैनगंगेच्या खोऱ्यातील कष्टाळू कुणब्या-पोवारांकडून लागवडीस आणावे हा त्यामागील उद्देश. ‘घाटांच्या वरचा’ म्हणून नाव बालाघाट. जेथे वसाहत करावयाची तेथेच दर सहा माणसांमागे जवळजवळ एक माणूस कमी झालेले सरकारी कागदात दिसले. खाली सपाटीवर नागपूर–छत्तीसगड मार्ग १८८० च्या दशकाच्या आरंभीच तयार झाला होता. तो पुढे बंगाल–नागपूर रेल्वे या कंपनीने घेऊन रुंद मापाचा केला होता आणि त्यावर गोंदिया हे स्थानक होते. परंतु गोंदियापासून उत्तरेस नर्मदेपर्यंतच्या डोंगराळ मुलखात धान्य पोहोचविण्यास बैलगाडीवाचून साधन नव्हते, आणि दुष्काळात बैल माणसांच्या आधी मरतात.

दुसरीकडे या डोंगरांत कंपनीस हवे ते पुष्कळ होते. साल व साग यांचे लाकूड, बांबू, लाख, हिरडा, आणि शतकाच्या आरंभी सापडलेले मँगनीज. बालाघाटला लागून असलेली भरवेलीची खाण तेव्हापासून आजतागायत चालू आहे. तेव्हा धान्य वर न्यावे व लाकूड आणि धातुक खाली आणावे, असा दुहेरी व्यवहार मनात धरून बंगाल–नागपूर रेल्वेने १९०३ ते १९०५ या काळात गोंदिया–बालाघाट–नैनपूर–जबलपूर असा मार्ग सातपुड्यातून नेला. नैनपुराहून पश्चिमेस छिंदवाड्याकडे व पूर्वेस मंडल्याकडे फाटे निघाले. बालाघाटहून वारासिवनीवरून कटंगीस जाणारा फाटाही याच जाळ्यातला. नैनपुरासारखे मोठे छोट्या रुळांचे जंक्शन साऱ्या आशियात नाही असे तेथील लोक सांगत. आम्ही ते कधी मोजून पाहिले नाही. परंतु ज्या गावाचे सारे जीवित रेल्वेवर, त्याने एवढा अभिमान बाळगला तर बिघडले कोठे?

रूळ अडीच फूट रुंदीचे, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मोठ्या मार्गाची रुंदी साडेपाच फूट, १६७६ मिलिमीटर. ही काटकसर उगाच केलेली नव्हती. रूळ जितके जवळ, तितकी गाडी अधिक तीव्र वळण घेऊ शकते. आणि गाडी वळू शकली म्हणजे डोंगर फोडावा लागत नाही, त्याच्या कडेकडेने जाता येते. बोगदे टळतात, भराव कमी होतात, हलके रूळ व हलके पूल भागवून नेतात. बार्शीची गाडीही याच मापाची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने १८९७ मध्ये ती सुरू करून हलक्या गाड्याही भरपूर माल ओढू शकतात हे दाखवून दिले होते. १९०६ पासून हीच बार्शी लाईन वारकऱ्यांस पंढरपुरास नेऊ लागली. तोटा एकच, पण मोठा. जेथे छोटा रूळ मोठ्यास मिळतो तेथे सगळा माल उतरवून पुन्हा चढवावा लागतो. गोंदियाच्या हमालांस त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या काम मिळाले व व्यापाऱ्यांस पिढ्यान्‌पिढ्या तक्रारीस जागा मिळाली. आपल्या रेल्वेच्या सांकेतिक भाषेत या मापाच्या एंजिनांच्या नावापुढे इंग्रजी वर्णमालेतील शेवटचे अक्षर, ‘झेड’, येते. पंक्तीत शेवटच्या पानावर बसविलेल्या पाहुण्यासारखी ही गाडी.

येथे एक तुलना केल्याशिवाय आम्हांस पुढे जाववत नाही. काल्क्याहून सिमल्यास जाणारी प्रसिद्ध गाडी १९०३ च्या नोव्हेंबरात सुरू झाली, म्हणजे सातपुड्याच्या मार्गाबरोबरच. आरंभी तिचे माप दोन फुटी होते; १९०५ मध्ये तेही अडीच फूट करण्यात आले. तेच वर्ष, तेच माप, तोच डोंगर चढण्याचा उद्योग. पण एकीच्या शेवटच्या स्थानकावर व्हाइसरॉयची उन्हाळी राजधानी होती आणि दुसरीच्या वाटेवर गोंड, बैगा, पोवार व लाकडाच्या वखारी. दार्जिलिंगची गाडी १९९९ साली, निलगिरीची २००५ साली व सिमल्याची २००८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गणली गेली. त्या योग्यच गणल्या गेल्या. सिमल्याच्या मार्गावरील पूल व बोगदे पाहून कोणीही मान डोलवील. परंतु वारसा ठरविताना गाडी कोठून जाते यापेक्षा ती कोणास नेत होती हे अधिक पाहिले गेले की काय, अशी शंका आमच्या वकिली मनात येते खरी.

आता वाचकांस प्रत्यक्ष मार्गाची थोडी कल्पना देतो. गोंदियाहून निघालेली गाडी बिरसोला, हट्टारोड अशी भातशेतांतून बालाघाटास येई. येथपर्यंत डोंगर केवळ क्षितिजावर. बालाघाट सुटले की समनापूर, चरेगाव, लामटा ही स्थानके, आणि रानाने दोन्ही बाजूंनी जवळ यावे. एका बाजूस वैनगंगेचे खोरे. ही नदी सिवनी जिल्ह्यात उगम पावते, आधी उत्तरेस जाते, मग पूर्वेस वळते आणि घोड्याच्या नालासारखा वळसा घेऊन बालाघाटात दक्षिणवाहिनी होते. पुढे भंडारा, गडचिरोली असा प्रवास करून वर्धेस मिळते, तेथे तिचे नाव प्राणहिता होते, आणि सिरोंचाजवळ, कालेश्वराच्या समोर, ती गोदावरीत विलीन होते. गाडी या खोऱ्यास धरून उत्तरेस चढे. नगरवाडा ओलांडून नैनपूर. नैनपुराच्या पुढे घनसौर, शिकारा अशी स्थानके घेत कोठे तरी, प्रवाशास कळूही न देता, पाणी पाठ फिरवी. अलीकडे पडलेला पाऊस गोदावरीस जातो, पलीकडला नर्मदेस. शेवटी नर्मदेचा पूल, ग्वारीघाट, हाऊबाग व जबलपूर. ज्या गाडीत बसून गोदावरीच्या पाण्यापासून नर्मदेच्या पाण्यापर्यंत जाता येत असे, तिला यात्रेची गाडी म्हणून कोणी जाहीर केले नव्हते. तरी पर्वकाळी ग्वारीघाटावर उतरणारी गर्दी पाहिली म्हणजे तसे जाहीर करण्याची गरज होती असे वाटत नसे.

चढ माथेरानासारखा छाती दडपणारा नव्हे. दूधसागरासारखा एकदम अंगावर येणारा देखावाही नाही. सालाचे वन, बांबूची बेटे, मध्येच एखादा नाला, त्यावर लहानसा पूल, आणि वळणावर गाडीच्या शेवटच्या डब्यातून पुढचे एंजिन दिसावे एवढेच. पण हे सारे तासन्‌तास चाले. गाडी इतकी सावकाश की, पुढच्या डब्यातून उतरून पळसाची फुले तोडावीत व मागच्या डब्यात चढावे, असे सांगत. छोट्या रुळांच्या प्रत्येक गाडीविषयी ही गोष्ट सांगतात, तेव्हा ती शब्दशः घेण्याचे कारण नाही. जबलपूर–बालाघाट धावणाऱ्या गाडीचे नाव ‘सातपुडा एक्सप्रेस’ होते, आणि त्यातील दुसऱ्या शब्दावर मात्र सगळे हसत.

या गाडीच्या इतिहासात १९५६ हे वर्ष आमच्या व्यवसायाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे. तोपर्यंत मध्य प्रांताचे सारे राज्य नागपुरातून चाले. १९३६ पासून तेथे उच्च न्यायालय होते; त्यापूर्वी ज्युडिशियल कमिशनरचे न्यायालय. वारासिवनीचा पक्षकार दिवाणी अपील घेऊन निघाला की बालाघाट, गोंदिया व तेथून मोठ्या गाडीने नागपूर. भाषा ओळखीची, सोयरे तेथेच, राहण्याची सोय कोणाच्या तरी मामाकडे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, भंडारा त्यांतच. बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपुरास बसले. एका दिवसात पक्षकाराचे तोंड दक्षिणेकडून उत्तरेस फिरले. वैनगंगेच्या काठचा कुळकायद्याचा किंवा वाटणीचा दावा आता छोट्या गाडीच्या फळकुटावर बसून, अख्खा सातपुडा ओलांडून, नर्मदेपार जाऊ लागला. दुष्काळ व मँगनीज यांच्यासाठी बांधलेली गाडी अशा रीतीने न्यायाचीही वाट झाली. जुन्या वकिलांकडून आम्ही ऐकले आहे की, अपिलाचे कागद मेणकापडात बांधून नेत. पावसाळ्यात खिडकीच्या फटीतून पाणी येई. आणि निकाल विरुद्ध गेला तरी पक्षकार ग्वारीघाटावर उतरून स्नान केल्यावाचून परतत नसे.

सोयरिकींचेही तसेच झाले. गोंदिया–भंडाऱ्याकडील लेक वारासिवनीस दिली की ती परराज्यात गेली असे कागदोपत्री ठरले. छोट्या गाडीस राज्याची सीमा ठाऊक नसल्यासारखी ती दोन्हीकडची माणसे पूर्ववत नेत-आणीत राहिली. गाडीचे मालक मात्र बदलत गेले. १९४४ च्या ऑक्टोबरात बंगाल–नागपूर कंपनीकडून मार्ग सरकारने घेतला; १९५२ साली तो पूर्व रेल्वेत व १९५५ साली दक्षिण–पूर्व रेल्वेत गेला; २००३ पासून दक्षिण–पूर्व–मध्य रेल्वे. डब्यांवरील अक्षरे बदलली, वेग तोच राहिला.

आता सहलीविषयी. आमच्या लहानपणी, म्हणजे गेल्या शतकाच्या शेवटच्या दीड दशकात, वारासिवनीच्या मध्यमवर्गीय कुटुंबांत वर्षातून एकदा ‘घाट पाहण्यास’ जाण्याची रीत होती. आमच्या घरी ती दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी पाळली जाई. पहाटे बसने बालाघाट, तेथून नैनपूरची गाडी. नैनपुरास जेवण व फलाटावर तासभर विसावा. सायंकाळच्या गाडीने परत. नैनपुरात कोणी नातलग नव्हते, काम नव्हते, देवदर्शनाचा नेमही नव्हता. आमच्या आजीस हे मुळीच उमगत नसे. “जायचं कुठं ते सांगा आधी,” असे ती दरवर्षी विचारी, आणि वडील दरवर्षी सांगत, “आई, जाऊन परत यायचं.” तरी पहाटे उठून दशम्या भाजण्यास तीच पुढे. दशम्या, लसणाची चटणी, लिंबाचे लोणचे, डब्यात चिवडा आणि पाण्याने भरलेला फिरकीचा तांब्या, असे सामान. लामट्याच्या आसपास सीताफळांच्या पाट्या घेऊन बायका डब्यापाशी येत. आत्याबाई भाव करीत. भाव तुटला नाही तर गाडी सुटेल ही भीती कोणासच नसे, कारण गार्डही खाली उतरून सीताफळेच पाहत असे.

बाकांवर समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांस लागत. त्यामुळे डब्यात अनोळखी असा कोणी राहत नसे. बैगा बाया डोक्यावरचा लाकडाचा भारा दाराशी ठेवून खाली बसत. शाळामास्तर, फॉरेस्टगार्ड, मोहाची पोती घेतलेले व्यापारी, सारे एकाच डब्यात. आजीच्या पंक्तिव्यवस्थेस हा मोठाच धक्का होता. पहिली दोन वर्षे ती आपली दशमी पदराआड धरून खाई. तिसऱ्या वर्षी तिने समोरच्या बाईच्या तान्ह्या मुलास आपल्या हाताने सीताफळ भरविले. घरात याविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. देवळात जी गोष्ट व्याख्यानांनी साधली नव्हती, ती अडीच फूट रुळावरील एका डब्याने साधली. अडीच फुटांत अंतर राखावयाचे तरी कसे?

कायद्याच्या पुस्तकांत शोधले तर या सुखास नाव सापडत नाही. तिकीट हा रेल्वेशी केलेला करार. त्याने उतारूस एका स्थानकापासून दुसऱ्या स्थानकापर्यंत नेले जाण्याचा हक्क मिळतो. वाटेत दिसणाऱ्या डोंगराविषयी त्यात शब्द नाही. १८८२ च्या सुखाधिकार अधिनियमाप्रमाणे वीस वर्षे उघडपणे, शांततेने व अखंड उपभोग घेतला तर शेजाऱ्याच्या जमिनीवरून वाट, पाणी, उजेड यांचा हक्क जडतो. बालाघाटच्या लोकांनी दरीच्या दर्शनाची वहिवाट एकशेदहा वर्षे केली. परंतु दर्शनाचा सुखाधिकार कायदा मानीत नाही. हे तत्त्व फार जुने. इंग्लंडात १६१० साली आल्ड्रेड नावाच्या गृहस्थाच्या खटल्यात न्यायालयाने असा भेद केला की, उजेड व हवा ही गरज, तर देखावा हा केवळ आनंद. आणि केवळ आनंद हिरावला म्हणून दावा चालत नाही. चारशे वर्षे झाली, तो भेद अद्याप टिकून आहे. आम्ही स्वतः न्यायासनावर असतो तर बहुधा आम्हीही तोच निर्णय दिला असता. प्रत्येक खिडकीपुढील देखावा हक्क ठरला तर गावात दुसरे घर बांधता येणार नाही. तथापि ज्यास हक्क म्हणता येत नाही ते नाहीसे होताना त्याची नोंददेखील कोठे होत नाही, हे आम्हांस खटकते.

नाहीसे होण्याची हकीकत लांबविण्याचे कारण नाही. गोंदिया–जबलपूर मार्ग रुंद करण्याची योजना १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मंजूर झाली. गोंदिया–बालाघाट तुकडा २००५–०६ च्या सुमारास मोठा झाला. कटंगीचा फाटा त्यानंतर काही वर्षांनी, आणि वारासिवनीच्या स्थानकावर मोठी गाडी उभी राहू लागली. नैनपूर–बालाघाट या रानातील तुकड्यास वेळ लागला. कान्हा व पेंच या दोन व्याघ्रक्षेत्रांमधील वन्य पशूंची येजा याच पट्ट्यातून होते, त्यामुळे वनखात्याच्या परवानग्यांचा प्रश्न होता. २०१५ च्या उत्तरार्धात जबलपूर, नैनपूर, बालाघाट व छिंदवाडा या बाजूंच्या छोट्या गाड्या एकामागून एक बंद झाल्या. २०२१ पर्यंत गोंदियापासून जबलपुरापर्यंत सर्व मार्ग रुंद होऊन पुरा झाला. मंजुरीपासून जवळजवळ दोन तपे लागली.

ते रुंदीकरण चुकीचे होते असे आम्ही म्हणणार नाही. ज्याच्या घरी अडलेली बाळंतीण आहे, ज्यास रात्रीतून नागपूरचे रुग्णालय गाठावयाचे आहे, त्यास सावकाश गाडीतील सृष्टिसौंदर्य सांगणे हा निर्दयपणा होय. उत्तरेकडून दक्षिणेस जाणाऱ्या लांबच्या गाड्या आता या वाटेने धावतात. जबलपूरचा पक्षकार सकाळी निघून तारखेस हजर होतो. शहरांतून कॅमेरे घेऊन शेवटच्या दिवसांत आलेल्या रेल्वेप्रेमी मंडळींनी खूप हळहळ व्यक्त केली. त्यांचे प्रेम खोटे नव्हते. पण त्यांना परत जाण्यासाठी दुसरी गाडी होती, येथील लोकांना नव्हती.

पण दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकल्या असत्या की नाही, हा प्रश्न उरतो. आणि त्यास याच राज्यात उत्तर आहे. इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी १८७० साली खंडवा–इंदूर मार्गासाठी इंग्रज सरकारास एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने, एकशेएक वर्षांच्या मुदतीने कर्जाऊ दिले. परकी सरकारास मराठी संस्थानिकाने आगगाडीसाठी कर्ज द्यावे हा प्रकार विरळाच. तो मीटर मापाचा मार्ग विंध्य उतरून नर्मदेवर, ओंकारेश्वराच्या वाटेवर, येत असे. तोही आता रुंद होत आहे. परंतु त्यातील पातालपाणी ते कालाकुंड हा सुमारे दहा किलोमीटरचा घाटाचा तुकडा जुन्या रुळांसह राखून २५ डिसेंबर २०१८ पासून तेथे वारसा गाडी चालविण्यात आली. इंदुरातील कुटुंबे डबे बांधून तिने जातात, धबधबा पाहतात व संध्याकाळी घरी येतात. आमच्या वडिलांनी आजीस दरवर्षी जे उत्तर दिले, तेच तेथे वेळापत्रकात छापले गेले. बालाघाट–नैनपूर पट्ट्यात दहा किलोमीटरही असे राखले गेले नाहीत. इंदूर मोठे शहर, तेथे मागणारे पुष्कळ. लामट्यातून कोण मागणार?

जे राखले गेले ते संग्रहालयांत. नागपुरात मोतीबागेत २००२ साली अरुंद रुळांचे संग्रहालय उघडले, तेथे जुनी एंजिने, डबे, कंदील, घंटा पाहावयास मिळतात. मार्ग बंद झाल्यानंतर नैनपुरासही तसेच एक संग्रहालय झाले. मोतीबागेत आम्ही मुलांस घेऊन गेलो होतो. मुलांनी एंजिनावर चढून फोटो काढले. आमच्या धाकट्याने डब्यातील बाकावर बसून समोरच्या बाकापर्यंत पाय लांबविला, तो सहज पोहोचला, आणि त्याने विचारले, “बाबा, इथं माणसं बसायची कशी?”

कोकणातून किंवा गोव्यातून कोणास ही वाट पाहण्याची इच्छा झाली तर ती अजूनही पाहता येते. मुंबई–हावडा मार्गाने गोंदियास यावे व जबलपूरकडे जाणारी दिवसाची गाडी धरावी. पावसाळा सरल्यावर, दसरा–दिवाळीच्या सुमारास यावे; तेव्हा भात पिकू लागलेले असते व नाल्यांस पाणी असते. बालाघाट सुटल्यावर खिडकी सोडू नये. गाडी आता भरधाव जाते, लामटा केव्हा आले ते कळतही नाही, आणि सीताफळवाल्या बायका फलाटाच्या एका टोकाला उभ्या असतात. हाऊबागचे जुने स्थानक नव्या मार्गावर नाही. ग्वारीघाट आहे. तेथे उतरावे, घाट चालत जाण्याइतका जवळ आहे, आणि परतीच्या गाडीस अवकाश असला तर स्नान होते.